सायकल: फ्रान्समध्ये वाहन, ब्रिटनमध्ये छंद?

पेडलपुराण (ब्रिस्टल)

आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर परवा एकाने लिहिलं, ‘युरोपात काय, सायकलवाल्यांची नुसती चंगळ!’ जणू युरोप म्हणजे एकच गाव. बाकीच्या देशांचं मला माहीत नाही. पण ब्रिटनमध्ये राहतो आणि सुट्टी मिळाली की सायकल घेऊन फ्रान्सला पळतो, तेवढ्या भांडवलावर एक ठाम विधान करतो. ब्रिटनने सायकलला छंद म्हणून कोपऱ्यात बसवलं, फ्रान्सने तिला वाहन म्हणून रस्त्यावर जागा दिली.

पुरावा माझ्या घरामागेच आहे. ब्रिस्टल ते बाथ हा २१ किलोमीटरचा मार्ग बंद पडलेल्या रेल्वेच्या जागेवर १९७९ ते १९८६ या काळात झाला, तोही बराचसा स्वयंसेवकांच्या घामावर. १९७७ साली ब्रिस्टलमध्ये जमलेल्या ज्या मंडळींनी हे केलं, त्यांचीच पुढे सस्ट्रान्स ही संस्था झाली. १९९५ मध्ये त्यांना सायकलमार्गांच्या राष्ट्रीय जाळ्यासाठी चार कोटी पस्तीस लाख पौंड मिळाले. कुठून? लॉटरीच्या पैशातून! मोटारींचा हमरस्ता लॉटरी लागायची वाट बघत थांबलेला कुणी पाहिलाय का? पुढे व्हायचं तेच झालं. जागा दुसऱ्याची, रस्ता कौन्सिलचा (म्हणजे स्थानिक पालिकेचा), संस्थेच्या हातात मुख्यतः निळ्या पाट्या. २०१८ मध्ये संस्थेनेच तपासणी केली तेव्हा जाळ्याचा ४२ टक्के भाग ‘वाईट’ आणि ४ टक्के ‘फार वाईट’ निघाला. २०२० मध्ये सुमारे चौथा हिस्सा जाळ्यातून वगळला किंवा वेगळ्या वर्गात टाकला, कारण तो मोटारींच्या गर्दीतून जात होता. संस्थेचा प्रामाणिकपणा मला आवडतो, पण सरकार कुठे होतं?

याउलट फ्रान्सचा ‘ला लुआर आ वेलो’ हा सायकलमार्ग घ्या. लुआर नदीकाठचे ९०० किलोमीटर, दोन प्रांतांनी मिळून उभे केलेले. ‘आक्यै वेलो’ची (सायकलवाल्यांचं स्वागत) पाटी असलेलं हॉटेल मार्गापासून पाच किलोमीटरच्या आत असतं, सायकलला कुलूपबंद जागा देतं, पाने-पंप देतं. आणि पॅरिस! २०२४ मध्ये जाहीर झालेल्या पाहणीत शहराच्या हद्दीतल्या फेऱ्यांपैकी ११.२ टक्के सायकलने, मोटारीने फक्त ४.३ टक्के.

मतं येऊ द्या. शिव्याही चालतील, पण मुद्द्यासकट.

लीड्सकर

पेपु, मुद्द्यासकट देतो.

पॅरिस म्हणजे फ्रान्स नव्हे. रिंगरोडच्या आतलं पॅरिस जेमतेम १०५ चौरस किलोमीटर, खाली मेट्रो, वर पार्किंगला जागा नाही. तिथे मोटारीने फिरतो तो एकतर नाइलाजाने किंवा हौसेने. देशाचा आकडा बघा. फ्रान्सच्या सांख्यिकी संस्थेच्या हिशेबात २०१५ साली कामाला सायकलने जाणारे २ टक्के. इंग्लंड-वेल्सच्या २०११ च्या जनगणनेत २.८ टक्के. आता सांगा, वाहन कुणाचं आणि छंद कुणाचा?

दुसरं, टूरिंग (सायकलवरची लांबची भटकंती) म्हणजे पाट्या लावलेला मार्ग, हे तुम्ही कधी ठरवलंत? सायकलवाल्यांचा टूरिंग क्लब हॅरोगेटला १८७८ मध्ये निघाला, तेव्हा ना जाळं होतं ना पाट्या. आजही उत्तर इंग्लंडच्या यॉर्कशायर डेल्स या डोंगराळ भागात ऑर्डनन्स सर्व्हेचा सरकारी नकाशा घेऊन त्यातल्या पिवळ्या रेघा, म्हणजे दोन दगडी भिंतींमधले छोटे रस्ते, धरून निघावं. अर्धा तास मोटार भेटत नाही, भेटतात त्या मेंढ्या. चढ म्हणाल तर लेक डिस्ट्रिक्टमधली हार्डनॉट खिंड तेहतीस टक्क्यांची. फ्रान्सचे घाट लांब असतात, पण सात-आठ टक्क्यांवर निवांत चालतात, वर दर किलोमीटरला ‘पुढे एवढा चढ’ म्हणून सांगणारा दगड. लाडावून ठेवलंय.

लुआरकाठची (नांत)

लीड्सकर, आकडे बरोबर, पण सरासरीत शहरं गडप होतात. त्याच २०१५ च्या हिशेबात स्ट्रासबुर्ग १६ टक्के, ग्रनोब्ल १५, बोर्दो १२. तुमचं केंब्रिज आहे, मान्य. पण केंब्रिज म्हटल्यावर दुसरं नाव घ्यायला ब्रिटिश माणूस जरा थांबतो.

माझ्या मते फरक रंगवलेल्या पट्ट्यांचा नाहीच, नियमांचा आहे. इथे ताशी ३० किलोमीटर वेगमर्यादेच्या भागात एकेरी रस्त्यावर सायकलला उलट दिशेने जायची मुभा ही सर्वसाधारण बाब आहे. नको असेल तर नगरपालिकेला तसं ठरवावं लागतं. कितीतरी सिग्नलांवर छोटी तिकोनी पाटी असते, लाल दिवा असला तरी पायी चालणाऱ्यांना आधी जाऊ देऊन सायकलने उजवीकडे वळता येतं. फार खर्च नाही त्यात, पण रोज कामाला जाताना प्रत्येक कोपऱ्यावर जाणवतं की रस्ता करणाऱ्याला आपण आहोत हे ठाऊक होतं.

मात्र पेपुंनी लुआरकाठचं जे पोस्टकार्ड रंगवलंय त्यात थोडी भर. मार्ग सोडून आत शिरा. रविवारी दुपारी गावात चिटपाखरू नाही, सोमवारी बेकरी बंद, कॅफे कायमचा बंद. पाणी हवं असेल तर गावची दफनभूमी शोधायची, तिथे नळ असतोच. (इथले सगळे टूरिंगवाले हेच करतात, दचकू नका.) आणि अशा गावात राहणारा माणूस दवाखान्यात, शाळेत, बाजारात मोटारीनेच जातो. त्याच्यासाठी सायकल अजून पर्यटकाचीच.

घाटवाला (पुणे)

तुमच्या भांडणात आम्ही बीआरएमवाले, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला मारणारे, घुसतो. पुण्या-नाशिकात २००, ३००, ४००, ६०० किलोमीटरच्या ज्या राइड होतात, त्यांचं शेवटचं शिक्कामोर्तब पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबाकडून येतं. आणि सगळ्यांचं पंढरपूर म्हणजे पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस. १२०० किलोमीटर, ९० तास, चार वर्षांतून एकदा, मूळ शर्यत १८९१ ची. माझे दोन मित्र जाऊन आले. ते ब्रेस्टचं वर्णन एका वाक्यात उरकतात आणि फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या खेड्यांवर तासभर बोलतात. रात्री दोन वाजता घरासमोर टेबल मांडून कॉफी, केक घेऊन बसलेली माणसं, पैसे घ्यायला तयार नाहीत.

ही आपुलकी कुठल्या सरकारी योजनेतून आली नाही. शर्यतीच्या वेडातून आली. म्हणजे पेपु, तुमचं विधान उलटं करा: फ्रान्समध्ये सायकल आधी खेळ होती, म्हणून पुढे तिला वाहन म्हणून मान मिळाला.

लुआरकाठची (नांत)

छान सिद्धांत, पण पटत नाही. टूर द फ्रान्स गावातून गेली की टाळ्या वाजवणारा गडी सोमवारी मला ओलांडताना दीड मीटर सोडतो, असं अजिबात नाही. कायदा गावाबाहेर दीड मीटर सांगतो, आत एक. पाळतात का, हे आरशात बघून ठरवा.

मागचं_सीट (लेस्टर)

चर्चा वाचतेय. घाट, खिंडी, १२०० किलोमीटर. मी लेकीला मागच्या सीटवर बसवून शाळेत सोडते, ते अंतर तुमच्या वॉर्म-अपपेक्षा कमी. तरी दोन शब्द.

ब्रिटनच्या सरकारी प्रवास-पाहणीत पुरुषांच्या सायकलफेऱ्या बायकांच्या फेऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त निघतात, वर्षानुवर्षं. याचं उत्तर लीड्सकरांच्या मेंढ्यांमध्ये नाही. त्या दगडी भिंतींमधल्या निमूट लेनवर कायद्याने मोटारीला ताशी ६० मैलांची परवानगी असते, हे त्यांनी सांगितलं नाही. मुलीला घेऊन मी तिथे जाणार नाही. ज्याला ‘कौशल्याचा आनंद’ म्हणतात तो घरी कुणीतरी मूल सांभाळत असेल तर परवडतो.

शहरातली गंमत वेगळी. मोटरसायकलवाल्यांना अडवायला मार्गाच्या तोंडाशी लोखंडी अडसर ठोकलेत. मोटरसायकल कशीबशी निघून जाते, माझी लांब कार्गो सायकल अडकते. २०२२ च्या जानेवारीत हायवे कोड (इथली रस्त्याची नियमावली) बदलला, चालणाऱ्याला पहिला मान, मग सायकल, ओलांडताना निदान दीड मीटर. माझ्या ऑफिसात कुणाला विचारावं तर चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह.

रच्याकने, जेवण पोचवणारी पोरं दिवसभर सायकलवर असतात. ती वाहनात मोडतात की छंदात? या धाग्यात त्यांचं कुणी नावही घेतलं नाही.

पेडलपुराण

मागचं_सीट, अडसरांबद्दल शंभर टक्के. 

सगळ्यांना मिळून उत्तर देतो. टक्केवारी आज समान असेल, मी दिशेबद्दल बोलतोय. एकच वर्ष घ्या, २०२०. कोविडच्या काळात दोन्ही राजधान्यांनी घाईघाईत सायकल पट्ट्या आखल्या. पॅरिसमध्ये रू द रिवोली ही मध्यवस्तीतली सडक मोटारींसाठी जवळजवळ बंद झाली आणि तशीच राहिली. लंडनमध्ये केन्सिंग्टन हाय स्ट्रीटवर पट्टी आखली, आणि सात आठवड्यांत त्याच बरोने (त्या भागाच्या पालिकेने) ती उखडली. लंडनचे मोठे रस्ते टीएफएल या महापौराच्या वाहतूक संस्थेचे, बाकीचे ३२ बरो आणि सिटीचे. महापौराने कितीही ठरवलं तरी एका बरोने ‘नाही’ म्हटलं की मार्ग मधेच तुटतो. पॅरिसच्या महापौराच्या हातात शहराचे रस्ते सलग आहेत. तिथल्या तेव्हाच्या महापौर आन हिदाल्गोंना लोकांनी पोटभर शिव्या दिल्या आणि २०२० मध्ये पुन्हा निवडूनही दिलं. सायकलप्रेम वगैरे ठीक आहे हो, फावडं कुणाच्या हातात आहे ते बघा.

लीड्सकर

हा मुद्दा आधीच्या पोस्टकार्डापेक्षा बरा. पण फावडं एका हातात असलं की बुजवणारा हातही तोच. आणि केंद्र सरकारचं म्हणाल, तर फ्रान्सने सायकल-खरेदीचा बोनस २०२५ च्या फेब्रुवारीत बंद केला. इकडे छंदवाल्या देशात पगारातून कर वाचवून सायकल घ्यायची योजना १९९९ पासून चालू आहे.

रेल्वेचंही बोला की. आमच्याकडे सायकल बहुतेक गाड्यांत फुकट.

पेडलपुराण

फुकट, पण लांब पल्ल्याच्या गाडीत आधी आरक्षण, मग त्या अरुंद कपाटात सायकल उभी टांगायची. बॅगा भरलेली टूरिंग सायकल डोक्यावर उचलून दाखवा, तिकीट मी काढतो.

लुआरकाठची (नांत)

टीजीव्हीचं, म्हणजे इथल्या वेगवान गाडीचं, नका विचारू. अनेक गाड्यांत सायकल सोडवून पिशवीत कोंबावी लागते. उन्हाळ्यात लुआरकाठी सायकलींसाठी वेगळा डबा असलेल्या गाड्या धावतात, त्या छान आहेत. छान आहेत म्हणून भरलेल्या असतात.

मागचं_सीट (लेस्टर)

दोन्ही देश एकाच फेरीत तपासायचे असतील तर ‘अव्हेन्यू व्हर्ट’ हा सायकलमार्ग आहे ना, लंडन ते पॅरिस, २०१२ च्या ऑलिंपिकच्या निमित्ताने सुरू झालेला. आम्ही उन्हाळ्यात तुकड्यातुकड्याने केला, आई भारतातून आली होती, तिला भाड्याची ई-सायकल. ससेक्समधले जुने रेल्वेमार्ग रम्य, पण खडी आणि चिखल. पावसानंतर आईने साफ नकार दिला. न्यूहेवनहून बोटीने दिएपला उतरलो. तिथून थोडं पुढे गेलं की फोर्ज-लेझ-ओपर्यंत पंचेचाळीसेक किलोमीटर गुळगुळीत डांबर, तोही जुना रेल्वेमार्गच. आई आमच्या पुढे.

लीड्सकर

आणि फोर्जच्या पुढे? पुढे मार्ग साध्या गावरस्त्यांवर येतो, चढउतार, शेतं, गायी. म्हणजे माझंच डेल्स, भिंतींशिवाय. आईंना यॉर्कला घेऊन या. यॉर्क–सेल्बी मार्ग सपाट आहे, आणि वाटेत सूर्यमालेची प्रतिकृती मांडलीये, सूर्यापासून प्लुटोपर्यंत, अंतरं प्रमाणात.

पेडलपुराण

तीही जुनी रेल्वेच! सेल्बीच्या कोळशाच्या खाणींमुळे १९८३ मध्ये मुख्य रेल्वेमार्ग वळवला, म्हणून मिळाली. रेल्वे मेल्याशिवाय ब्रिटनला सायकलमार्ग होत नाही. चालू रस्त्यातून मोटारींची जागा घेऊन केलेली एक लांब पट्टी दाखवा.

लीड्सकर

लीड्स ते ब्रॅडफर्ड. २०१६ पासून आहे. कधी येताय सांगा, त्या दिवशी तिच्यावर गाड्या उभ्या नसतील याची व्यवस्था करतो.