ग्लास आणि राइश यांच्यानंतर
छोट्या सुरावटी पुन्हा पुन्हा वापरून संगीत रचणारे अमेरिकन संगीतकार फिलिप ग्लास आणि स्टीव्ह राइश यांच्यानंतर कोणाला ऐकावे, या प्रश्नाला माझे उत्तर जॉन लूथर ॲडम्स असे आहे. 'निक्सन इन चायना' या ऑपेराचे जॉन ॲडम्स ते वेगळे. अनेक वर्षे अलास्कात राहिलेल्या या संगीतकाराच्या 'बिकम ओशन' या सुमारे ४२ मिनिटांच्या रचनेला २०१४ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. तिच्यात वाद्यवृंदाचे तीन गट वेगवेगळ्या लांबीच्या लाटांसारखे चढत-उतरत राहतात, केवळ तीन वेळा त्या लाटा एकत्र उसळतात, आणि मध्यापासून सारे संगीत उलट्या क्रमाने मागे परतते. तिच्यात सुरावट शोधत बसू नये. एका बैठकीत, शांतपणे, ती पूर्ण ऐकावी. मग अमेरिकन संगीतकार कॅरोलाइन शॉ यांची आठ आवाजांसाठी रचलेली 'पार्टिटा' अवश्य ऐकावी.