माणसामाणसांतला फरक बालवाडीत शिकवावा का?

लक्ष्मीनगरकर (विषय मांडणारे)

आमच्या भागातील एका पूर्वप्राथमिक शाळेने ‘विविधता दिन’ ठरवला असून प्रत्येक मुलाला एकेका ‘समाजा’चा वेश करून पाठवावे, अशी सूचना पालकांना आली आहे. सोबतच्या यादीत पंजाबी, मद्रासी, कोळी, मुसलमान आणि आदिवासी अशी नावे आहेत. (मद्रासी म्हणजे नेमके कोण, हे यादी करणाऱ्यांनाही सांगता येणार नाही.) आदिवासीपुढे ‘पाने, पिसे’ असे लिहिले आहे. ज्या नागपूरची स्थापना देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहने, अठराव्या शतकाच्या आरंभी केली, त्याच नागपुरात चार वर्षांच्या मुलांना गोंड माणूस पानापिसांत दाखवायचा, हे मला मान्य नाही.

परंतु वेशभूषेला विरोध करताना मला दुसऱ्या टोकालाही जायचे नाही. माणसांमधील साम्य आणि भेद यांविषयी मुलांशी लहानपणापासून, नावे घेऊन आणि मोकळेपणाने बोलले पाहिजे, असे माझे मत आहे. मोठ्यांनी गप्प राहिले की मूल त्या गप्प राहण्यातूनही शिकतेच. मेट्रोत समोर बसलेल्या एका बाईंच्या हातावर कोड होते आणि शेजारच्या छोट्या मुलीने त्यांना सरळ विचारले, ‘‘मावशी, हाताला काय झालं?’’ मुलीच्या आईने डोळे वटारले, तिचा दंड दाबला. उत्तर त्या बाईंनीच दिले : ‘‘काही झालं नाही बाळा, अंगाला रंग देणारं जे असतं ना आत, ते इथं तयार होत नाही.’’ मुलीने ‘‘दुखतं का?’’ एवढे आणखी विचारले, ‘‘नाही’’ ऐकले आणि ती खिडकीकडे वळली. कोड दुखत नाही आणि शिवल्याने होत नाही, एवढे कळले की मुलाची जिज्ञासा भागते. दंड दाबल्यावर मात्र त्या हातात काहीतरी भिण्याजोगे आहे, एवढेच त्याला कळते.

दसऱ्याचेही तसेच. दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर पांढऱ्या कपड्यांतील माणसे गाठोडी घेऊन चाललेली असतात, पुस्तकांच्या दुकानांपुढे गर्दी असते, आणि आमच्या वस्तीतील कित्येक घरांत मुलांना त्या दिवसाबद्दल एवढेच ठाऊक असते की आज रस्ता बंद आहे, गाडी फिरवून न्यावी लागेल. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी येथे काय घडले, ते पाच वर्षांच्या मुलालाही सांगता येते : काही माणसांना इतर माणसे शिवत नसत, पाणवठ्यावर येऊ देत नसत, बाबासाहेबांनी आणि त्यांच्याबरोबर लाखो लोकांनी ती रीत नाकारली आणि बुद्धाचा मार्ग धरला. यात कोणते वाक्य मुलाला झेपणार नाही, ते विरोधकांनी सांगावे.

धंतोलीकर

पहिलेच वाक्य झेपणार नाही, असे माझे उत्तर आहे. माणसाने माणसाला शिवू नये अशी काही रीत असू शकते, ही कल्पनाच ज्या मुलाच्या मनात नाही, त्याच्या मनात ती आपण आधी रुजवणार आणि मग उपटायला बसणार. दहाव्या-बाराव्या वर्षी हे सारे सविस्तर सांगावे, सांगितलेच पाहिजे. बालवाडीत त्याची घाई कशाला?

माझे म्हणणे निव्वळ भाबडेपणातून आलेले नाही. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ रिबेका बिगलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उन्हाळी शाळेतील मुलांना निळे आणि पिवळे शर्ट दिले होते. काही वर्गांत शिक्षकांनी त्या रंगांचा रोज वापर केला. बसायची जागा रंगाप्रमाणे, रांग रंगाप्रमाणे, हाक मारायची तीही रंगाच्या नावाने. काही आठवड्यांतच त्या मुलांना आपल्या रंगाची मुले अधिक चांगली वाटू लागली. ज्या वर्गांत तेच शर्ट घातले होते पण शिक्षकांनी रंगाचा उल्लेखही केला नाही, तेथे असा पक्षपात दिसला नाही. फरक डोळ्यांसमोर होता, पण मोठ्यांनी त्याला महत्त्व दिले नाही, म्हणून तो मुलांनीही मनावर घेतला नाही. आमच्या गल्लीतील मुलांना विचारा, ती मित्राची ओळख ‘तो झाडावर चढतो तो’ अशी करून देतात. मग घरातील कोणी ‘आडनाव काय त्याचं?’ असे विचारते आणि तेथून खरे शिक्षण सुरू होते. तेव्हा एकत्र खेळ, एकत्र गाणी, एकत्र जेवण आणि मोठ्यांच्या तोंडाला कुलूप, एवढा अभ्यासक्रम पुरे आहे.

कामठी रोड

काका, आपण वडीलधारे आहात, म्हणून शब्द जपून वापरते. परंतु ज्याला फरकाचा त्रास होत नाही त्यालाच फरकाबद्दल न बोलण्याची चैन परवडते. माझी मुलगी पहिलीत असताना मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली होती. त्या घरातील आजींनी तिला नाव विचारले, मग पूर्ण नाव विचारले, मग आडनाव पुन्हा एकदा, आणि शेवटी ‘राहता कुठे?’ घरी येऊन तिने मला विचारले, ‘‘आई, माझं नाव त्यांना ऐकू येत नव्हतं का?’’ सहा वर्षांच्या मुलीला मी कोणते कुलूप दाखवायचे होते?

आपण दिलेल्या प्रयोगातील शर्ट संध्याकाळी उतरवून ठेवता येत होता. त्याला आजोबा-पणजोबा नव्हते, त्यावरून कोणाला घर भाड्याने नाकारले जात नव्हते. आडनावाचे तसे नाही. शाळेने महत्त्व दिले नाही म्हणून वाढदिवसाच्या घरातले महत्त्व संपत नाही. आमच्या मुलांना ही गोष्ट पाचव्या वर्षी कळतेच, आपण सांगा किंवा सांगू नका. प्रश्न एवढाच उरतो की ज्यांच्या घरात ती विचारणा होते त्या मुलांना ती कधी कळणार. दीक्षाभूमीबद्दलची दोन वाक्ये माझ्या मुलीला झेपली आहेत. शेजारच्या मुलाला झेपणार नाहीत, असे मानण्याचे कारण मला दिसत नाही.

महालची बालवाडीताई

अनेक वर्षे बालवाडी चालवली, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. वर चाललेला वाद ‘सांगावे की सांगू नये’ असा आहे. वर्गात तो तसा उभा राहतच नाही, कारण मुले आधीच बोलत असतात. ‘ताई, हा हिंदीत बोलतो’, ‘ताई, तिचे केस बघा कसे’, ‘ताई, तो चालताना पाय ओढतो’. नागपूर १९५६ पर्यंत हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषांच्या प्रांताची राजधानी होते. इथे वर्गात दोन भाषा आणि त्यांची खिचडी असणार, हे ओघाने आलेच. तेव्हा शिक्षिकेला निवड करायची असते ती उत्तराची.

काकांनी बिगलर यांचा दाखला दिला, तर त्यांचेच आधीचे, १९९२ मधले, लिन लिबेन या मानसशास्त्रज्ञांसह केलेले कामही पाहावे. त्यांनी मुलांना एकाच वेळी दोन गुण ध्यानात ठेवून चित्रांची वर्गवारी करायला शिकवले, म्हणजे चित्रातील माणूस पुरुष आहे की स्त्री हेही पाहायचे आणि तो कोणते काम करतो हेही. हा सराव झालेल्या मुलांमध्ये ‘हे काम बायकांचे, ते पुरुषांचे’ असा ठोकळेबाज विचार कमी आढळला. चार-पाच वर्षांचे मूल एका वेळी बहुधा एकच गुण धरून बसते, आणि ‘पंजाबी’, ‘आदिवासी’ अशी एकच पाटी गळ्यात घातलेला वेश नेमका त्याच सवयीला खतपाणी घालतो.

मी वर्गात काय करत असे ते सांगते. ‘ज्यांच्या घरी आजी राहते ते खिडकीपाशी’ म्हटले की एक टोळके जमते. ‘ज्यांना कारले आवडते ते दाराशी’ म्हटले की बहुतेक वेळा एकटेच कोणीतरी ऐटीत जाऊन उभे राहते. मग ‘घरी दोन भाषा बोलतात ते’, ‘डावखुरे’, ‘ज्यांना अंधाराची भीती वाटते ते’. दहा मिनिटांत प्रत्येक मूल जवळजवळ प्रत्येक दुसऱ्या मुलाच्या गटात एकदा तरी जाऊन येते. साम्य आणि भेद हे दोन धडे नाहीत, ते एकाच खेळात येतात, आणि भाषण द्यावे लागत नाही.

रंगपेटीतील एक फिकट गुलाबी खडू मुले ‘अंगाचा रंग’ म्हणून मागतात. तो मी पेटीतून काढला नाही. तपकिरी, पिवळा, पांढरा आणि थोडा लाल असे रंग वाटीत देऊन प्रत्येकाला स्वतःच्या मनगटाशी जुळेल असा रंग कालवायला सांगितले. गुलाबी खडू एकाच्याही मनगटाशी जुळला नाही आणि दोन वाट्यांतला रंगही सारखा निघाला नाही. पण तपकिरी सगळ्यांनाच लागला, कोणाला थेंबभर, कोणाला वाटीभर.

सगळ्यांत अवघड जागा डब्याची. कोणाच्या डब्यात अंडे निघाले की कोणीतरी ‘ईऽऽ’ करतेच. त्यावर माझा नियम एकच होता : ‘आमच्या घरी हे खात नाहीत’ असे म्हणायची मुभा आहे, ‘हे घाण असते’ असे म्हणायची नाही.

इतवारीकर

ताईंचा शेवटचा नियम मला मान्य आहे, पण त्याच्या पुढे कोणी जाऊ नये, म्हणून लिहितो. आम्ही कांदा-लसूणही खात नाही. माझ्या मुलाने डब्यात अंडे आणणाऱ्या मुलाशी प्रेमाने वागावे, त्याच्या शेजारी बसावे, हे मी घरी शिकवतो. परंतु आजकाल ‘सर्व भिन्नतांचे कौतुक’ असा शब्दप्रयोग चालतो आणि त्याला माझी हरकत आहे. अहिंसा हे आमच्यासाठी आवडीनिवडीचे प्रकरण नाही. माझ्या मुलाने दुसऱ्याच्या आहाराचे कौतुक करावे, अशी सक्ती शाळेने केली तर तो आमच्या श्रद्धेत हस्तक्षेप होईल. शेजाऱ्याचा मान राखणे आणि शेजाऱ्याच्या प्रत्येक गोष्टीला चांगले म्हणणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर मुलाला समजावणे हेही शिक्षणच आहे. शिवाय काही शाळांनी डब्यात मांसाहार आणू नये असा नियम केला आहे. तो मला सोयीचा वाटतो, सर्वांना एकत्र जेवता येते.

कामठी रोड

सर्वांना म्हणजे कोणाला? त्या नियमामुळे आपला मुलगा निर्धास्त जेवतो हे खरे. पण माझी मुलगी शिकते की तिच्या आईने रांधलेले अन्न शाळेच्या दारात थांबवण्याजोगे आहे. आपण कौतुकाची सक्ती नको म्हणता, ते मला पूर्ण मान्य आहे. मग लपवण्याची सक्ती तरी कशी चालते?

मानेवाड्याचा पालक

माझा मुलगा शिक्षण हक्क कायद्यानुसार (आरटीई) गरीब व वंचित घरांतील मुलांसाठी राखलेल्या २५ टक्क्यांतील जागेवर एका खासगी शाळेत आहे. २००९ च्या या कायद्याची ही तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये वैध ठरवली. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, जवळ सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना त्यातून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये ती रद्द केली. हे इतके सांगतो, कारण वरच्या साऱ्या प्रतिसादांत वर्गात निरनिराळी मुले आहेत हे गृहीत धरले आहे. धरमपेठेतील महागड्या शाळेत मोमीनपुऱ्यातील, जरीपटक्यातील किंवा झोपडपट्टीतील किती मुले असतात? वर्गात सगळे सारखेच असतील तर खेळ कसलाही घ्या, तो चित्रांवरच घ्यावा लागेल.

दिल्लीत खासगी शाळांमध्ये गरीब घरांतील मुलांना २००७ पासून जागा दिल्या गेल्या. त्याचा परिणाम गौतम राव या अर्थशास्त्रज्ञांनी तपासला आणि त्यांचा निबंध २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. गरीब वर्गमित्र लाभलेली श्रीमंत मुले अधिक उदार झाली, गरीब मुलांशी खेळायला अधिक राजी झाली, भेदभाव कमी करू लागली. इंग्रजीच्या गुणांत थोडी घट झाली. गणित आणि हिंदीवर परिणाम दिसला नाही. ती थोडी घट पालकांना फार मोठी वाटते, हे प्रवेशाच्या वेळी त्यांच्या चेहऱ्यांवरून मी वाचले आहे.

इतवारीकरांच्या हरकतीत मी एक भर घालतो. गरिबी हाही माणसांमधला फरकच आहे, पण त्याचे कौतुक मला नको. माझ्या मुलाचे बूट जुने आहेत, यात ‘वैविध्य’ काही नाही. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे मुले लाकडी बैल घेऊन घरोघर जातात त्या सणाला, हे स्पष्ट दिसते. कोणाचा लाकडी बैल चाकांवर चालणारा, झुली आणि घुंगरांचा, कोणाचा मुठीत मावणारा, आणि बोजारा (खाऊ वा पैसे) मागायला सगळे एकाच दारात उभे. मोठ्या बैलाच्या मालकाला जास्त बोजारा देणारी माणसे मी पाहिली आहेत. तिथे मुलाला भेद शिकवला जातो तो असा. आणि विविधता दिनाबद्दल सांगायचे तर भाड्याच्या वेशाला पैसे लागतात. आमच्यापैकी काही घरे त्या दिवशी मुलाला ताप आल्याचे कळवतील.

धंतोलीकर

मानेवाड्याच्या पालकांनी जे लिहिले, ते माझ्याच बाजूचे आहे असे मी मानतो : मुलांना एकत्र बसवा, बाकीचे आपोआप होईल. ताईंच्या खेळालाही माझा विरोध नाही, कारण त्यात आजी आहे, कारले आहे, अंधार आहे. जात आणि धर्म नाहीत.

महालची बालवाडीताई

आपोआप होत नाही, काका. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच मांडले होते की निरनिराळ्या गटांतील माणसे एकत्र येऊन पूर्वग्रह ओसरायचे असतील, तर त्यांचा दर्जा तेथे समान हवा, काम सामाईक हवे, एकमेकांच्या मदतीने ते करावे लागले पाहिजे आणि संस्थेचा त्याला पाठिंबा हवा. फी भरणारी मुले पुढे आणि ‘आरटीईवाली’ मागे, असे बसवले तर शेजार असूनही दर्जा वेगळाच राहतो. आणि खेळात जात-धर्म मी घेत नव्हते हे खरे, पण ईदच्या दुसऱ्या दिवशी कोणी शिरखुर्म्याबद्दल बोलू लागले तर विषय बदलतही नव्हते. मूल आपले घर वर्गात घेऊन येते, ते दाराबाहेर ठेवायला सांगता येत नाही.

इतवारीकर

शिरखुर्म्याच्या गोष्टी माझ्या मुलाने खुशाल ऐकाव्यात. डब्याच्या नियमाबद्दल मात्र माझे मत बदललेले नाही. कामठी रोडच्या ताईंच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ एवढेच आहे की माझ्या मुलासमोर मांसाहार नको, ही माझी अडचणही तितकीच खरी आहे.

लक्ष्मीनगरकर

शाळेला पत्र देण्याचे ठरवतो आहे. त्यात दोन मागण्या आहेत. पहिली, वेशभूषा रद्द करून त्या दिवशी ताईंचा गटांचा खेळ आणि रंगांच्या वाट्या घ्याव्यात, ज्याला कोणाचाही पैसा लागत नाही. दुसरी, दसऱ्याच्या सुट्टीआधी मुलांना दीक्षाभूमीवर न्यावे आणि तेथे काय घडले ते साध्या वाक्यांत सांगावे. डब्याचा प्रश्न मी पत्रात घातलेला नाही, कारण त्यावर या चर्चेतच एकमत नाही. ज्यांना सही करायची असेल त्यांनी कळवावे.

धंतोलीकर

पहिल्या मागणीवर माझी सही घ्या. दुसरीवर नको.

कामठी रोड

दोन्हींवर घ्या. आणि डब्याचे वेगळे पत्र मी लिहिते आहे.