'केटी कोटी'ला मराठीत काय म्हणावं?

कालवा: आमच्या मंडळाच्या बातमीपत्रात १ जुलैच्या कार्यक्रमाची दोन ओळींत ओळख द्यायची आहे. १ जुलै १८६३ रोजी सुरिनाम आणि कॅरिबियन बेटांवरच्या डच वसाहतींत गुलामी कायद्याने संपली. तो दिवस तिकडे आणि इथे नेदरलँड्समध्ये 'केटी कोटी' म्हणून ओळखतात. सुरिनामच्या स्रानान भाषेत केटी म्हणजे साखळी, कोटी म्हणजे कापणे, तुटणे. मी 'साखळी तुटली दिन' लिहिलं, तर नवरा म्हणाला, सायकल दुरुस्तीची जाहिरात वाटतेय. 'गुलामीमुक्ती दिन' चालेल का? आणि असा दिवस साजरा करतात की पाळतात?

बोरूबहाद्दर: साखळी नकोच. साखळी उपोषण, साखळी बॉम्बस्फोट, करोनात 'साखळी तोडा'च्या पाट्या... शब्द पार झिजलाय. माणसाला जखडतात ते साखळदंड. 'साखळदंड तुटले' म्हणा. बाकी 'केटी' म्हटलं की मला इंजिनिअरिंगचं गणितच आठवतं. (ही कोटी नव्हे, अनुभव.)

तळटीप: साखळदंड ठीक, पण तुटले की तोडले? स्रानानमधलं 'कोटी' दोन्हीकडे चालतं, मराठीत मात्र एक बाजू घ्यावीच लागते. आणि इथे ते नुसतं व्याकरण नाही.

१८६३च्या कायद्याने मालकांना सुरिनाममध्ये दर माणशी ३०० गिल्डर भरपाई मिळाली. ज्यांना राबवलं त्यांना छदामही नाही. वर १५ ते ६० वयाच्या बहुतेकांना आणखी १० वर्षं सरकारी देखरेखीखाली करार करून काम करायची सक्ती. म्हणजे साखळदंड काढले, पण मळा सुटला नाही. म्हणून तर गुलामी संपल्याची १५० वर्षं २०२३ साली धरली गेली: तारीख १८६३ची, हिशेब १८७३चा.

उलट, मळ्यांवरून पळून जंगलात वस्ती केलेल्या मरून लोकांनी ते खरोखर तोडले होते. त्यांच्यातल्या एनजुका लोकांशी डच सरकारला १० ऑक्टोबर १७६०ला तह करावा लागला, म्हणजे कायद्याच्या शंभर वर्षं आधी. सुरिनामची राजधानी पारामारिबो इथे १९६३ साली उभारलेला क्वाकूचा पुतळाही तुटक्या साखळदंडांसह उभा आहे. क्वाकू म्हणजे बुधवारी जन्मलेला, आणि १ जुलै १८६३ला बुधवार होता.

'मुक्ती'बद्दल थोडं. कोर्ट करतं ती मुक्तता. 'मुक्तिदिन' म्हटलं की आपल्याला मराठवाडा नाहीतर गोवा आठवतो, म्हणजे लढा आलाच. १८६३च्या सरकारी कागदाला तो मान कशाला द्यायचा? माझं मत: शीर्षकात 'केटी कोटी'च ठेवा आणि पुढे 'साखळदंड तुटल्याचा दिवस' एवढं लिहा.

कंत्राकी: तळटीपशी सहमत. भर घालतो. डचमध्ये आता नुसतं 'गुलाम' म्हणायचं बरेच जण टाळतात, 'गुलाम केलेला' अशा अर्थाचा शब्द वापरतात. गुलाम ही काही त्या माणसाची जात नव्हे, कुणीतरी त्याला तसं केलं. मराठीत 'गुलाम केलेली माणसं' अजिबात अवघड वाटत नाही.

माझ्या टोपणनावाचा खुलासा: देखरेख संपायला महिनाही उरला नव्हता तेव्हा, ५ जून १८७३ला 'लाला रुख' जहाज कलकत्त्याहून हिंदुस्तानी मजूर घेऊन पारामारिबोला लागलं. मळ्यांना नवे हात हवे होते. मॉरिशस-फिजीत ज्यांना गिरमिटिया म्हणतात, त्यांना सुरिनाममध्ये कंत्राकी म्हणत. दोन्ही शब्द करारावरूनच आलेत.

बोरूबहाद्दर: हे 'केलेला' प्रकरण मला फार सोवळं वाटतं. जोतीरावांनी त्याच १८७३ साली 'गुलामगिरी' छापली आणि ती गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकनांना अर्पण केली. त्यांना 'गुलाम' शब्द पुरला. आणि आपल्या जुन्या दफ्तरांतल्या कुणबिणी, बटकी विकतच घेतल्या जायच्या. आज 'बटीक' फक्त अग्रलेखांत उरलीय, तीही सत्तेची.

कंत्राकी: शीर्षकाला जोर लागतो, तिथे 'गुलाम' पुरतो. बातमीपत्रात आपण माणसांबद्दल लिहितोय.

सुकटप्रेमी: साजरा की पाळणे, याचं उत्तर: दोन्ही, वेळ बघून. ॲमस्टरडॅमच्या ओस्टरपार्कात २००२ सालचं राष्ट्रीय स्मारक आहे. आधी तिथे पुष्पचक्रं, भाषणं, शांतता. हे पाळणं. २०२३ला राजाने माफी मागितली तीही याच बागेत, त्याच दिवशी. मग ढोल, गाणी, खाण्याचे ठेले सुरू होतात. हे साजरं करणं. डच लोकही दोन वेगळी क्रियापदं वापरतात, तेव्हा आपण एकात कोंबायची गरज नाही.

बायकांचा घेरदार कोतो बघाच. पण खरी गंमत डोक्यावरच्या अंगिसाची. खळ घालून कडक केलेला चौकोनी रुमाल, आणि घडी कशी घातली त्यावरून निरोप. एका घडीचं नावच आहे 'बोलू देत त्यांना'. शेजारणीला टोमणा मारायची सोय डोक्यावरच! जेवणात हेरी हेरी: उकडलेले कंद, कच्ची केळी, वर खारवलेला मासा. मळ्यांवर जे मिळायचं त्यातलंच. मी दोनदा वाढून घेतलं.

कालवा: मग असं लिहिते: "केटी कोटी, म्हणजे साखळदंड तुटल्याचा दिवस. सुरिनाम आणि कॅरिबियन बेटांवर गुलाम केलेल्या माणसांचं स्मरण सकाळी, उत्सव दुपारपासून." वर्ष मुद्दाम घातलं नाही, नाहीतर १८७३चं कंसात सांगावं लागेल. आता एकच: तो अंगिसा की ती अंगिसा? रुमाल म्हणून 'तो' वाटतो.

तळटीप: बांधल्यावर रुमाल कुठे राहतो? पगडी ती, टोपी ती. तीच करा.

सुकटप्रेमी: मग फेट्याचं काय?