कार्यालयाच्या मजल्यावर दोन वर्षांपुरती राहण्याची सोय: खोल्या कशा पाडाव्यात?

प्रश्न
नमस्कार. एका कार्यालयीन इमारतीचा रिकामा मजला दोन वर्षांसाठी राहण्याजोगा करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मजला १८ मीटर रुंद असून खिडक्या केवळ दोन लांब बाजूंना आहेत, आणि मुदत संपल्यावर तो होता तसा परत करायचा आहे. विटांचे बांधकाम अर्थातच करता येणार नाही. पण पडद्यांवर भागेल की जिप्सम बोर्डाची पार्टिशने घालावीत, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १
पार्टिशनचा विचार नंतर करावा; आधी सांडपाण्याचे पाहावे. मैलापाण्याच्या पाइपला ४० ला १ असा उतार दिला, तर मूळ उभ्या पाइपपासून ८ मीटर लांबच्या शौचालयापाशी तो २० सेंटिमीटर उचलावा लागतो आणि तेवढी जमीनही उंच करावी लागते. दोन वर्षांसाठी हा खटाटोप परवडत नाही, म्हणून न्हाणीघरे आणि स्वयंपाकाची जागा सध्याच्या स्वच्छतागृहांना लागूनच ठेवावी. खिडकीच्या वरच्या कडेची जमिनीपासून जेवढी उंची, तिच्या सुमारे दोन ते अडीच पटींपलीकडे पुरेसा उजेड पोहोचत नाही; त्यामुळे झोपण्याच्या खोल्या खिडक्यांकडे घ्याव्यात आणि मधला अंधारा पट्टा कपाटे व ये-जा यांसाठी सोडावा.

प्रतिसाद २
पडद्यांविषयी थोडेसे. २०११ च्या भूकंपानंतर जपानमध्ये वास्तुरचनाकार शिगेरू बान यांनी निवाऱ्यांच्या मोठ्या दालनांत कागदी नळ्यांच्या चौकटी उभारून त्यांवर कापड टांगले होते. आपत्तीनंतरच्या थोड्या काळासाठी ती योजना उत्तमच, परंतु कापड नजर अडवते, आवाज अडवत नाही; दोन वर्षे शेजाऱ्याचा खोकला ऐकत कोणी राहू नये. तसेच माणशी ३.५ चौरस मीटर जागा हे स्फिअर या मदतकार्याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेचे मानक आपत्तीतील किमान आहे, ते आपले उद्दिष्ट मानू नये. माझे मत जिप्सम बोर्डाच्या, छतापर्यंत नेलेल्या पार्टिशनला आहे.

प्रतिसाद ३
छतापर्यंत नेण्याला माझी हरकत नाही, पण छतातले स्प्रिंकलर (आग लागल्यास पाणी फवारणारी तोंडे) आणि स्मोक डिटेक्टर (धूर ओळखणारी यंत्रे) मोकळ्या दालनाच्या हिशेबाने बसवलेले असतात. मध्ये पार्टिशन आले की एखादी खोली त्यांच्या कक्षेबाहेर राहते. कार्यालयात माणसे जागी असतात, येथे ती झोपलेली असतील, हा फरक नकाशा करताना हमखास विसरला जातो. म्हणून आधी छताचा नकाशा काढावा, मग जमिनीचा.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. छताचा नकाशा खरोखरच काढला नव्हता. पार्टिशन खिडकीपाशी कसे संपवावे?

प्रतिसाद ३
काचेवर कधीही नको. दोन काचांमधल्या उभ्या चौकटीवर संपवावे आणि फटीत दाबून बसणारी फोमची पट्टी घालावी. खोल्यांची रुंदीही त्या चौकटींच्या अंतरावरूनच ठरवावी. सगळे स्क्रूने जोडावे, कोठेही डिंक वापरू नये. काढताना जमिनीचा पृष्ठभाग डिंकासोबत उखडून येतो.