‘मिंगेइ’ला लोककला म्हणावं का?

शंका: मातीची भांडी घडवणारे जपानी कलावंत हामादा शोजी (१८९४–१९७८) यांच्यावर मराठीत लेख लिहिते आहे. ‘मिंगेइ’ या जपानी शब्दापाशी अडले. ‘लोककला’ चालेल का? आणि हामादांना काय म्हणू? कुंभार, कुंभकार, की मृत्तिकाशिल्पी?

उत्तर: ताई, ‘लोककला’ नको. हा शब्द वाचला की आपल्या डोळ्यांपुढे तमाशा, भारूड, दशावतार उभे राहतात. मिंगेइ म्हणजे रोज हाताळायच्या वस्तू: भाताचा वाडगा, चहाची किटली, पाण्याचा रांजण. १९२५च्या सुमारास विचारवंत यानागी सोएत्सु, कुंभार कावाइ कान्जिरो आणि खुद्द हामादा यांनी हा शब्द घडवला. ‘मिन्शू’ म्हणजे सामान्य जन, ‘कोगेइ’ म्हणजे कारागिरी. पहिल्यातलं ‘मिन्’ आणि दुसऱ्यातलं ‘गेइ’ जोडलं. म्हणून मी ‘लोककारागिरी’ लिहीन. १९५५मध्ये जपान सरकारने हामादांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ ठरवलं तेही ‘मिंगेइ भांडी’ याच कलेसाठी, त्यामुळे एकदा मूळ शब्दही द्याच.

‘चिनी मातीची भांडी’ मात्र कुठेही लिहू नका. हामादा १९३०मध्ये जपानमधल्या माशिको गावात कायमचे राहायला गेले, आणि तिथली माती भरड, वाळूमिश्रित. झिलई, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा चकचकीत लेप, हीही जवळपासच्याच जिनसांची: एक स्थानिक दगड कुटून केलेली, पिकलेल्या ‘काकी’ (पर्सिमन) फळासारखी तांबूस, दुसरी भाताच्या तुसाच्या राखेची, पांढरट. झिलईला जपानीत ‘उवागुसुरी’ म्हणतात, शब्दशः ‘वरून लावायचं औषध’. हा शब्द मला फार आवडतो. आणि ‘माशिको-याकी’तलं ‘याकी’ म्हणजे भाजलेलं. आपणही मडकी भाजतोच, तेव्हा इथे ‘भाजणे’ हेच क्रियापद ठेवा.

शंका: पण ‘कुंभार’ जातिवाचक वाटेल ना? शिवाय हे शिकलेले. तोक्योत शिक्षण, क्योतोच्या संशोधनसंस्थेत झिलईचे प्रयोग, १९२०मध्ये बर्नार्ड लीच या भांडी घडवणाऱ्या इंग्रज कलावंताबरोबर इंग्लंडला जाऊन सेंट आइव्हजमध्ये भट्टी उभारली.

उत्तर: शिकलेल्या माणसाला ‘कुंभार’ शोभत नाही असं वाटतं, तिथेच आपलं चुकतं. चाक, माती, भट्टी हे ज्याचं आयुष्य त्याला मराठीत याहून नेमका शब्द नाही. ‘मृत्तिकाशिल्पी’ने त्यांच्या हाताला लागलेली माती झटकली जाते. सेंट आइव्हजमध्ये ते भांड्यांवर आपला शिक्का उमटवत. माशिकोत ते सोडून दिलं. नाव घालायचं ते फक्त भांडं ठेवायच्या लाकडी पेटीवर.