मदत हवी आहे: डेगन ११०३ रेडिओ परत बाजारात आलाय, बाबांसाठी घ्यावा का?

नमस्कार मंडळी,

इथे अजून कुणी शॉर्टवेव्ह (दूरदेशीची स्टेशनं लागतात तो रेडिओचा पट्टा) ऐकत असेल तर सल्ला हवा आहे. रेडिओ बाबांसाठी घ्यायचा आहे. बाबा ७९ वर्षांचे, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त. आम्ही कोथरूडला चौथ्या मजल्यावर राहतो.

२००६ साली भावाने त्यांना डेगन ११०३ आणून दिला होता. ज्यांनी तो पाहिलाय त्यांना आठवेल, एलसीडीवरच जुन्या रेडिओसारखी पट्टी आणि सरकणारा काटा दिसायचा. आवाजाला वेगळं चक्र नाही. आधी बटण दाबायचं, मग ट्यूनिंगचंच चक्र फिरवायचं. आम्ही सगळे वैतागायचो, बाबांच्या मात्र चार दिवसांत ते हातात बसलं. रोज संध्याकाळी साडेसातला बीबीसी हिंदी ठरलेलं. जेवणं झाली की गॅलरीत बसून ३१ मीटर, ४१ मीटर हे पट्टे चाळत बसायचे. लांब वहीत तारीख, वेळ आणि सिन्पोचे पाच आकडे लिहायचे: सिग्नल किती, शेजारच्या स्टेशनचा त्रास किती, खरखर किती, आवाज किती वरखाली होतो आणि एकूण कसं. प्रत्येकाला पाचपैकी गुण, जास्त तेवढं चांगलं. ‘४५४३४’ असं लिहिलेलं असलं की समजायचं, आज स्वारी खूश आहे. रेडिओ नेदरलँड, रेडिओ ऑस्ट्रेलिया अशा स्टेशनांची क्यूएसएल कार्डं (प्रसारण ऐकल्याचं कळवलं की येणारी पोचपावती) आईच्या पैठणीच्या खोक्यात अजून आहेत. त्यातलं पहिलं २०१२ साली जवळजवळ बंदच झालं, दुसऱ्याने २०१७ च्या जानेवारीअखेर शॉर्टवेव्ह सोडली.

३१ जानेवारी २०२० ला बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारण थांबलं. त्या रात्री बाबांनी सेट कपाटात ठेवला, आणि सेल काढले नाहीत. आयुष्यभर आम्हाला ओरडत आले, ‘वापरायचं नसेल तर सेल काढून ठेवा’, आणि स्वतः मात्र काढले नाहीत. मी दीड-दोन वर्षांनी उघडला तेव्हा चारही पेन्सिल सेल पाझरलेले, स्प्रिंगा हिरव्या झालेल्या. तपकीर गल्लीत दोघांना दाखवला. पाणी आत बोर्डापर्यंत गेलंय, ट्रॅक खाल्ले गेलेत, असं दोघांनीही सांगितलं.

मधल्या काळात काचबिंदूने बाबांची नजर फार कमी झाली. बातम्या, गाणी, सगळं फोनवर मिळतं, मी लावूनही देते. पण काचेवर बोट कुठे ठेवायचं ते त्यांना दिसत नाही, दर वेळी कुणाला तरी हाक मारावी लागते. स्मार्ट स्पीकर आणला, त्याच्याशी ते बोलत नाहीत. परवा म्हणाले, ‘मला बातम्या नकोत गं, मला स्टेशन शोधायचंय.’

त्यांची बोटं ११०३ ओळखतात. म्हणूनच तो नंबर परत विक्रीला दिसला तेव्हा मला फार आनंद झाला. फोटोत तोंडावळा तोच आहे. माहिती वाचल्यावर कळलं की जुना डबल कन्व्हर्जनचा (सिग्नलची फ्रिक्वेन्सी दोनदा बदलून घेणारा, जुन्या पद्धतीचा) सेट होता आणि आताच्यात डीएसपी चिप (सिग्नलवर डिजिटल पद्धतीने काम करणारी) आहे. म्हणजे नाव तेच, पेटी तीच, आतला जीव वेगळा. बाहेरून मागवून सगळं धरून नऊ हजारांच्या आसपास जाईल. मला विचारायचंय ते असं:

चक्र फिरवताना प्रत्येक टप्प्यावर आवाज तुटतो का? डीएसपीच्या बऱ्याच सेटमध्ये असं होतं असं वाचलं. बाबा कानाने शोधतात, खरखरीतून स्टेशन हळूहळू वर येतं ते त्यांना ऐकू यायला हवं. आवाज कमी-जास्त करायची पद्धत जुनीच ठेवली आहे का? तुम्हाला ती गैरसोय वाटेल, आमच्याकडे तीच हवी आहे. सेल अजून पेन्सिलचेच आहेत ना? ते बाबांना चाचपून बदलता येतात. आणि कस्टममध्ये नेमका किती भुर्दंड पडतो?

मूळ शंका तर याहून मोठी आहे. आता ऐकायला उरलंय काय? आणि आमच्या इमारतीत ते ऐकू तरी येईल का? मैत्रिणीचा एक छोटा सेट आणून गॅलरीत लावला, तर या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती घरघर. बाबांनी पाच मिनिटं कान लावला आणि ‘राहू दे’ म्हणून आत गेले. ते ‘राहू दे’ मला फार लागलंय. नवीन सेट आणून परत तेच व्हायला नको.

प्रतिसाद १

ताई, पैसे खर्च करायच्या आधी एक काम करा. मैत्रिणीचा सेट सेलवर चालू ठेवा आणि घराचा मेन स्विच बंद करा. घरघर पडली तर चोर घरातच आहे. मग एकेक एमसीबी चढवत जा, कशाने परत येते ते लगेच कळेल. एलईडी दिवे, चार्जर, राउटरचा अ‍ॅडॉप्टर, इन्व्हर्टर, या सगळ्यांतला स्विचिंगचा भाग सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो आणि त्याचे पडसाद थेट शॉर्टवेव्हपर्यंत चढतात. स्वस्त दिव्यात ते अडवणारे भागच टाकलेले नसतात. मी हॅम (परवाना घेतलेला हौशी रेडिओवाला) आहे, धायरीला राहतो. माझ्या स्वतःच्या घरात सात दिवे बदलावे लागले. खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या ३० तबकड्या उगाच नाही पुण्यापासून लांब नारायणगावजवळ नेऊन बसवल्या. त्यांच्या फ्रिक्वेन्सी आपल्याहून खूप वरच्या, पण दुखणं एकच, माणसाच्या वस्तीची खरखर.

ऐकायला काय उरलंय म्हणाल तर पूर्वीचं वैभव नाही, हे खरंच आहे. मार्च २०२५ मध्ये व्हॉइस ऑफ अमेरिकाही गप्प झालं. पण बीबीसीचं इंग्रजी आपल्या भागासाठी येतं, चीनचं हिंदी येतं, रोमानिया, तुर्कस्तान, न्यूझीलंड अजून टिकून आहेत. शिवाय सात मेगाहर्ट्झवर आम्ही हॅम मंडळी असतोच. सेटला एसएसबी (आम्ही बोलायला वापरतो ती प्रसारणाची पद्धत) असू द्या म्हणजे काकांना आमच्या गप्पा ऐकता येतील, नाहीतर बदकं बोलल्यासारखं वाटेल. आकाशवाणीचं डीआरएम (डिजिटल प्रसारण) मात्र यातल्या कुठल्याही सेटवर लागणार नाही, तिथे नुसता फुसफुस आवाज येतो. सेट बिघडला असं समजू नका.

प्रतिसाद २

डीएसपी म्हणजे वाईट असं मनात धरू नका. शेजारचं स्टेशन गाळायचं काम चिप चांगलं करते. माझी तक्रार वेगळी आहे: सिग्नल वरखाली होत असेल तर काही चिप आवाज मधेच उचलतात, मधेच दाबतात, आणि तासाभराने कान दमतो. हाताच्या सवयीचा प्रश्न नसता तर मी टेकसनचा पीएल-६८० सुचवला असता. चार पेन्सिल सेल, एसएसबी, आणि आवाजाचं वेगळं चक्र बाजूलाच. पीएल-३३० छोटा आहे आणि चांगलाही, पण त्यात जुन्या नोकियात असायची ती बीएल-५सी बॅटरी बसते, ती काकांना जड जाईल. वडिलांना दोन्ही सेट हातात धरून बघता आले तर उत्तम, पण पुण्यात दुकानात मिळणं कठीण. बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात एक चक्कर मारा, जुना ११०३ सापडलाच तर त्याचा बोर्ड तुमच्या पेटीत बसेल.

धागा काढणारीचं उत्तर

दोघांचे मनापासून आभार. काका, तुम्ही सांगितलं तसं शनिवारी सकाळी मेन बंद केला. घरघर निम्म्याहून जास्त पडली! मग भाऊ बोर्डापाशी, मी गॅलरीत आणि बाबा खुर्चीत सेट मांडीवर घेऊन, असे एकेक एमसीबी चढवत गेलो. बाबा हात वर करून सांगत होते, ‘आली… थांब… ही थोडीच आहे… ही बघ, ही!’ बैठकीच्या लाइनवर सगळ्यात मोठी घरघर होती. राउटर काढला, फरक नाही. सेट-टॉप बॉक्स काढला, किंचित फरक. शेवटी सापडला तो देवघरातला छोटा एलईडी दिवा, जो चोवीस तास चालू असतो आणि ज्याच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. आई म्हणाली, ‘मग तेलाचाच लावू, त्यात काय.’ आता लिफ्ट चालू झाली की अजून कर्र होतं, त्याला इलाज नाही. पण दोन फेऱ्यांच्या मध्ये पश्चिमेच्या गॅलरीत स्टेशनं येतात.

आणि रविवारी बाबांना घेऊन खडकवासल्याच्या पुढे पानशेत रस्त्याला गेलो. पाण्याच्या कडेला गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, सेट बॉनेटवर ठेवला. सूर्य मावळत होता. बाबांनी मला दहा मेगाहर्ट्झ लावायला सांगितलं. तिथे चीनच्या वेळ सांगणाऱ्या केंद्राचे ठोके येतात, सेकंदाला एक. मी कधी ऐकले नव्हते. बाबांनी माझं मनगट धरलं आणि त्यावर बोटाने ठोका धरायला लागले. छप्पन्न, सत्तावन्न, अठ्ठावन्न, एकोणसाठ, आणि मिनिटाचा लांब ठोका पडला तेव्हा म्हणाले, ‘हा. आहे अजून.’ पुढचा तासभर त्यांनी सेट कुणाच्या हातात दिला नाही. घरी आल्यावर वही मागितली. आकडे त्यांनी सांगितले, मी लिहिले.

तेव्हा रेडिओ घ्यायचा हे ठरलं. पीएल-६८० चं वेगळं चक्र मी त्यांना समजावून सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘चांगला असेल, पण मला आता नवीन शिकवू नका.’ जुन्या बाजाराची कल्पना त्यांना फार आवडली, बुधवारी भाऊ जाणार आहे. तिथे नाही मिळाला तर नवीन ११०३ मागवते. कस्टमचं अजून कुणी सांगितलेलं नाही, ते कृपया सांगा.

आणि एक बारीकसं राहिलं. जुन्या सेटवर आकड्यांतल्या पाचाच्या बटणावर मी नेलपॉलिशचा जाड ठिपका दिला होता, त्यावरून बाबा बाकीचे आकडे ओळखायचे. नवीन सेट कुणाकडे असेल तर डोळे मिटून बटणांवरून एकदा बोट फिरवून बघाल का? दोन बटणांमधली फट बोटाला कळते की सगळी सपाट लागतात?