दगडी ताल स्वतः रचायला शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

कोयनाकाठ
नमस्कार मंडळी. गाव पाटण तालुक्यात, डोंगरउताराची शेती, आजोबांच्या काळातल्या दगडी ताली, म्हणजे खाचराची माती धरून ठेवणाऱ्या भिंती, आहेत, सिमेंट नाही काही नाही नुसता दगडावर दगड. गेल्या पावसात त्यातली एक वीसेक फूट बसली आणि वरच्या खाचरातली माती सगळी खालच्यात. जेसीबीवाला म्हणतो दगड लोटून देतो, काँक्रीटची भिंत मारा. गॅबियनचं, म्हणजे तारेच्या जाळीत दगड भरून केलेल्या भिंतीचं, पण कोटेशन घेतलं. दोन्ही परवडत नाही आणि खरं सांगू का, एवढा दगड तिथंच पडलेला असताना पटतही नाही.
माझा सिव्हिल डिप्लोमा झालाय पण दगडकाम म्हणजे पुस्तकात दोन आकृत्या, यूसीआर (ओबडधोबड दगडाचं) आणि खांडकी (घडवलेल्या दगडाचं), पाच मार्कांना यायचं, विषय संपला. आयटीआयला गवंडी ट्रेड आहे, ओळखीच्या पोराने केला, तो म्हणतो वीट आणि प्लास्टरच जास्त. गावात एक जुने मिस्त्री आहेत, त्यांना विचारलं तर "बघ आणि शिक" एवढंच. यूट्यूबवर बघतो तर तिकडचा दगड चपटा, आपला काळा गोटा तसा बसतच नाही. कुणी हे काम करणारं आहे का इथं? हत्यारं कुठली घ्यावी, आणि मिस्त्री लोक खरंच सांगत नाहीत की माझंच विचारायचं चुकतंय?

घणवाला
विचारायचंच चुकतंय भावा 😄 राग मानू नको. आमच्या घरात तीन पिढ्या हेच काम. "कसं करायचं" असं विचारलंस तर कुठलाच जुना मिस्त्री उत्तर देणार नाही, कारण त्याला ते शब्दांत मांडायची कधी वेळच आलेली नसते. तू त्यांच्या हाताखाली दगड द्यायला उभा राहा. त्यांनी हातात घेतलेला दगड परत खाली टाकला की लगेच विचार, हा का नको? मग बघ कसे बोलतात. सांगतील याला तोंड नाही, हा बद वाजतोय (आत फुटका आहे), हा आत जात नाही नुसता पुढं दिसायला आहे.
शेवटचं नीट समजून घे. नवीन माणूस दगड आडवा लावतो, लांब बाजू पुढं, कारण दिसायला भारी दिसतं आणि एका दगडात दीड फूट भिंत झाल्यासारखी वाटते. ताल पडते ती त्यानेच. लांबी आत गेली पाहिजे, छोटं तोंड बाहेर. सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही हे तुला कॉलेजात सांगितलंच असेल. दगड डुगडुगला तर चीप, म्हणजे दगडाची बारीक कपची, मागच्या बाजूने मारायची, पुढून ठोकलेली चीप दोन पावसाळ्यात निसटते आणि वरचा दगड पुढं झुकतो. आणि मधलं पोट हाताने भरायचं, एकेक डबर (ओबडधोबड दगड) बसवून. घमेल्याने माती-मुरूम ओतून दिलं की काम पटकन उरकतं पण पाणी लागलं की ते खाली बसतं आणि भिंतीला पोट येतं. बाहेरून तोंड कितीही सुंदर असू दे, पोट कसं भरलंय ते ज्याने भरलं त्यालाच माहीत.
हत्यारं आत्ताच घेत सुटू नको. एक पहार, एक हलकी सुतकी (हातोडा), दोन छिन्न्या, दोरी, ओळंबा. छिन्नी बोथट झाली की ग्राइंडरवर घासू नको, निळी पडली की पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं. लोहाराकडून शेवटून (तापवून धार काढून) घे, तो परत पाणी देतो. आणि डोळ्याला चष्मा लाव, काळ्या दगडाची कपची काचेसारखी उडते, आमच्यात एक डोळा गेलेली माणसं आहेत.

सिव्हिल_सोलापूर
घणवाला दादांनी जे पोटाचं सांगितलं त्याला माझी एक पुरवणी. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप. तिथली घरं दगडाचीच होती, दोन-तीन फूट जाडीच्या भिंती, वर माळवदाचं मातीचं ओझं. लोकांना वाटायचं एवढी जाड भिंत, हिला काय होतंय. पण बाहेरचा थर वेगळा, आतला थर वेगळा, मध्ये माती आणि बारीक दगड, दोन्ही थरांना बांधून ठेवणारं काहीच नाही, हादरा बसल्यावर थर एकमेकांपासून सुटले आणि माळवद माणसांवर आलं. जवळपास दहा हजार माणसं गेली.
आता नियम असा, आयएस १३८२८ या भारतीय मानकात दिलाय, भिंतीच्या पूर्ण जाडीएवढा आरपार दगड, ज्याला आपण थ्रू स्टोन म्हणतो, दर ६०० मिमी उंचीला आणि आडवं जास्तीत जास्त १.२ मीटरवर एक. म्हणजे साधारण दोन फूट वर, चार फूट बाजूला. आणि भिंतीची जाडी ४५० मिमीच्या वर नको, जाडी वाढवून घर मजबूत होत नाही. हे घराच्या भिंतीचं झालं हां, तुझी ताल वेगळी, तिच्यामागे माती आहे आणि मातीत पाणी. तिथं खालची रुंदी लागतेच, पण लांब दगड मागच्या भरावात घुसवायचे हे तत्त्व तेच. आणि सिमेंट मारायचा मोह टाळ, कोरड्या तालीतून पाणी आपोआप निघून जातं, दगडांमधल्या फटी सिमेंटने बंद केल्यास की पाणी मागे तुंबतं आणि भिंत ढकलते. घर बांधायला निघालास तर मात्र मातीतलं दगडकाम एकट्याच्या भरवशावर करू नको, इंजिनियर गाठ.

गडगाप्रेमी
आम्ही रत्नागिरीचे, आमच्याकडे जांभा, त्यामुळे वरच्या अर्ध्या गोष्टी आम्हाला लागू नाहीत 😀 ताजा चिरा (जांभ्याचा कापलेला दगड) मऊ असतो, हवा लागली की कडक होतो, म्हणून तासायचं ते लवकर तासून घ्यायचं. गडगा, म्हणजे कोरड्या दगडाचं कुंपण, घालणारे मात्र आता शोधूनही मिळत नाहीत, सगळे चिऱ्याचं कंपाउंड बांधून वर सिमेंटचा गिलावा करतात.

यॉर्कशायरचा_पाहुणा
मी नोकरीनिमित्त इंग्लंडात, इथं कोरड्या दगडाच्या भिंती मैलोनमैल आहेत. १९६८ पासून त्यांची एक संस्था आहे, वीकेंडचे कोर्स असतात, हौस म्हणून एक केला. गंमत म्हणजे सुरुवातीला रचायला देतच नाहीत. पडलेला तुकडा आधी उतरवायला लावतात आणि दगड गवतावर वेगवेगळे मांडायला, पायाचे मोठे भिंतीलगत, मधले त्याच्या मागे, भरीचे बारीक ढिगाने, वरून झाकायचे लांब. कोयनाकाठ, तुला तर पडलेली ताल आयतीच आहे. जेसीबी लावू नकोस, हाताने उतरव. उरलेल्या धडक्या भागाच्या टोकाला आजोबांच्या वेळच्या माणसाने आत काय केलंय ते उघडं दिसेल, कुठला दगड किती आत गेलाय ते टेपने मोजून ठेव. आणि दोन बांबूंचा सांगाडा करून मागे कल देऊन उभा कर, त्याला दोरी बांध. इथं साधारण सहाला एक, म्हणजे सहा फूट उंचीला एक फूट मागे, असा कल देतात, तुमच्याकडे मिस्त्री सांगतील तो धर.

सिव्हिल_सोलापूर
एक मात्र मला पटत नाही. "बघ आणि शिक" या पद्धतीने किती पोरं टिकणार? मिस्त्रींनी पण थोडं पुढं यायला पाहिजे, नाहीतर त्यांच्याबरोबर सगळं जाणार.

घणवाला
साहेब, पुढं यायचं म्हणजे काय करायचं सांगा. एका जुन्या वाड्याच्या कामावर आम्हाला बोलावलं, कॉलेजची पोरं आली, मोबाइलवर सगळं शूट करून नेलं, माझ्या चुलत्याने त्यांना दगड कसा वाजवून बघायचा इथपासून सगळं समजावलं, आणि हजेरीच्या कागदावर त्यांचं नाव अकुशल मजुरात. वर रेट कमी करा म्हणून घासाघीस. मग पुढच्या वेळी माणूस गप्पच बसणार ना. सांगायला आमची ना नाही. शिकवायचा दिवस पण कामाचा दिवस आहे, त्याची मजुरी द्या आणि नाव नीट लिहा.

सिव्हिल_सोलापूर
हे बरोबर आहे, मान्य.

कोयनाकाठ
सगळ्यांचे आभार, खरंच एवढं कुणी सांगेल वाटलं नव्हतं. मिस्त्रींना रीतसर हजेरी देऊन बोलवतो आणि मी हाताखाली राहतो, चुलतभाऊ पण यायला तयार आहे. दादा अजून दोन शंका, पाया किती खणायचा आणि लगेच चालू करू की थांबू? रान अजून ओलं आहे.

घणवाला
थांब. दिवाळी होऊ दे, रान वाळलं की. पाया फुटात विचारू नकोस, मुरूम लागेपर्यंत खण, काळ्या मातीवर पहिला थर ठेवलास तर उन्हाळ्यात भेगा पडून तोच आधी हलणार. तोवर दगड निवडून मांडून ठेव, त्यातच तुझे बरेच दिवस जातील. मिस्त्रींना फोनवर नको, घरी जाऊन विचार, आणि पहारी दोन ठेव, नाहीतर ते मागतील तेव्हा तुझ्या हातात असेल.